सीतेची वेणी

वैशाख सरत आलेला असतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर माती भाजून निघालेली असते. ओढे आटतात, गवत करपते, विहिरी तळ गाठतात. माणसे आणि गुरे आभाळाकडे डोळे लावून बसतात. अशा दिवसांत एखाद्या जुन्या आंब्याखाली किंवा ऐनाखाली उभे राहून वर पाहावे, तो जाड फांदीवरून फुलांचा एक लांबट घोस खाली झुकलेला दिसतो. घोस वीत-दीड वीत लांब. त्यात शंभरावर फुले एकमेकांना खेटून बसलेली. प्रत्येक फूल बोटाच्या पेराएवढे, पांढरे; त्यावर जांभळट गुलाबी ठिपके. वाऱ्याची झुळूक आली की सारा घोस डुलू लागतो. झाड आंब्याचे, पण फूल आंब्याचे नव्हे! खाली जमिनीवर गवताची काडीही हिरवी उरलेली नाही. मग मातीपासून दहा-पंधरा हात उंचावर हे फूल कशाच्या बळावर फुलते?

या फुलाला महाराष्ट्रात ‘सीतेची वेणी’ म्हणतात. कोठे कोठे ‘द्रौपदीची वेणी’ असेही म्हणतात. कुशल हातांनी गुंफलेल्या वेणीसारखा तो घोस पाहिला म्हणजे दोन्ही नावे सार्थ वाटतात. सीतेची वेणी ही आमरीच्या कुलातील वनस्पती होय. या कुलालाच ऑर्किड म्हणतात. जगात आमरीच्या पंचवीस हजारांहून अधिक जाती आहेत. एकट्या भारतात १,२०० हून अधिक आढळतात. त्यांपैकी काही जमिनीत उगवतात. पण उष्ण प्रदेशांतील बहुसंख्य जाती झाडांच्या खोडांवर आणि फांद्यांवर राहतात. सीतेच्या वेणीचा संसार तर फार दूरवर पसरलेला आहे. भारत, श्रीलंका, नेपाळ, म्यानमार, थायलंड येथपासून थेट इंडोनेशिया आणि फिलिपिन्सपर्यंत ती आढळते. आसामात तिला ‘कपौ फूल’ म्हणतात. तेथे ती आपल्याकडच्यापेक्षा थोडी लवकर फुलते. एप्रिलच्या मध्यास बोहाग बिहूचा सण येतो, तेव्हा बिहू नाचणाऱ्या मुली हे घोस केसांत माळतात. आसामने आणि अरुणाचल प्रदेशाने या फुलाला राज्यपुष्पाचा मान दिला आहे.

आपल्याकडे मात्र या वनस्पतीच्या वाट्याला नेहमीच असा मान येत नाही. बागेतील झाडावर ती दिसली की ‘हे बांडगूळ झाडाचा जीव शोषून घेईल’ असे म्हणून पुष्कळदा ती ओरबाडून काढली जाते. कधी वळवाच्या वादळात जुनी फांदी कडाडून मोडते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा आंबा, फणस, नारळ, सुपारी यांची असंख्य झाडे उन्मळून पडली. झाड पडले की माणसे लाकूड तोडून नेतात, फळे वेचतात. परंतु फांदीला बिलगलेल्या आमरीकडे कोणाचे लक्ष नसते. ती पालापाचोळ्याबरोबर वाळून जाते किंवा चुलीत जाते. एखाद्या मुलाला तिची दया येते. तो ती घरी आणतो, कुंडीत चांगली काळी माती घालतो, शेणखत घालतो, तीत तिची मुळे पुरतो आणि सकाळ-संध्याकाळ तांब्या तांब्या पाणी ओततो. काही आठवड्यांतच मुळे काळी पडतात, पाने पिवळी होऊन गळतात आणि रोप मरते. एकाने तिला शत्रू समजून मारले, दुसऱ्याने प्रेमाने मारले. दोघांच्याही हातून चूक झाली ती एकाच कारणाने. ती वनस्पती कशी जगते, हे दोघांनाही ठाऊक नव्हते.

प्रथम बांडगुळाचा विचार करू. बांडगूळही झाडावरच वाढते. त्याच्या फळातील बी चिकट असते. फळे खाणारे लहान पक्षी ती बी या फांदीवरून त्या फांदीवर नेतात. बी रुजले की त्याचे मूळ फांदीची साल भेदून आत शिरते आणि झाडाने जमिनीतून आणलेले पाणी व क्षार वाटेतच उचलते. म्हणून बांडगूळ माजले की ती फांदी रोडावते. सीतेच्या वेणीची मुळे असे काही करीत नाहीत. ती सालीवरून सरकत जातात, सालीच्या खाचांत बोटे रोवावीत तशी घट्ट धरून बसतात. पण सालीच्या आत एक सुईभरही शिरत नाहीत. झाडाच्या रसाचा एक थेंबही ती घेत नाही. झाडापासून तिला हवी असते ती केवळ उभे राहण्यापुरती जागा, आणि उजेडापर्यंत पोहोचण्याची सोय. दाट जंगलात जमिनीवर सूर्यप्रकाश फारच थोडा उतरतो. तेथे उगवलेल्या लहान रोपाला वर्षानुवर्षे अंधारात कुढत राहावे लागते. सीतेची वेणी मोठ्या वृक्षाच्या खांद्यावर बसून प्रकाशाची ही अडचण दूर करते. अशा रीतीने दुसऱ्या झाडावर राहणाऱ्या, पण त्याचे अन्न न घेणाऱ्या वनस्पतींना ‘अपिवनस्पती’ म्हणतात. बांडगूळ आणि अपिवनस्पती यांत चोर आणि पाहुणा यांच्याइतके अंतर आहे.

परंतु प्रकाशाची अडचण सुटली, तर पाण्याची उभी राहते. फांदीवर माती नाही, ओल नाही. सह्याद्रीत चार महिने पाऊस कोसळतो आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. जमिनीतील झाडाची मुळे खोल जाऊन पाणी शोधतात. फांदीवरच्या रोपाने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर सीतेच्या वेणीच्या मुळांत आहे. तिचे मूळ करंगळीसारखे जाड, गुळगुळीत आणि रुपेरी पांढरे दिसते. तो पांढरा रंग मुळाभोवतीच्या आवरणाचा असतो. हे आवरण मृत, पोकळ पेशींच्या अनेक थरांचे बनलेले असून स्पंजासारखे असते. पावसाची सर आली की ते क्षणार्धात पाणी टिपून घेते. मूळ भिजले की आवरण पारदर्शक होते आणि आतील हिरवा रंग दिसू लागतो. म्हणजे मूळ कोरडे आहे की ओले, हे नुसते पाहूनच कळते: पांढरे मूळ तहानलेले, हिरवे मूळ तृप्त. टिपलेले पाणी आतील जिवंत भागात हळूहळू मुरते आणि आवरण पुन्हा कोरडे होऊन त्यात हवा भरते. भिजणे आणि वाळणे, पुन्हा भिजणे आणि पुन्हा वाळणे, हाच या मुळाचा जीवनक्रम होय.

पाऊस येतो तो नुसते पाणी घेऊन येत नाही. पानांवर साचलेली धूळ, पक्ष्यांची विष्ठा, कुजलेल्या पाल्यातील क्षार हे सारे धुऊन तो खोडावरून खाली वाहतो. त्या ओघळातून आमरीला खत मिळते. ते अत्यंत अल्प असते. पण तिची गरजही अल्पच असते. तिची पाने जाड, लांब आणि पन्हाळीसारखी खोलगट असतात. अशा जाड पानांच्या अनेक आमरींची एक सवय मोठी विलक्षण आहे. इतर झाडे दिवसा पानांवरील सूक्ष्म छिद्रे उघडून हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू आत घेतात. त्या वेळी छिद्रांतून पाण्याची वाफही निसटून जाते. या आमरी उन्हाच्या वेळी छिद्रे मिटून घेतात आणि रात्री, हवा गार झाल्यावर, ती उघडतात. रात्री साठवून ठेवलेला वायू दुसऱ्या दिवशी सूर्यप्रकाशात अन्न तयार करण्यासाठी वापरतात. काटकसरीने संसार करणाऱ्या गृहिणीप्रमाणे त्या पाण्याचा थेंब न् थेंब जपतात. वैशाखातील त्या फुलांमागे असा वर्षभराचा जमाखर्च असतो.

सीतेच्या वेणीच्या पानाचे टोक निमुळते नसते. कोणी कुरतडल्यासारखे ते बोथट आणि खाचदार असते. १७५३ साली लिनीअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने तिला शास्त्रीय नाव दिले, तेव्हा ‘खाचदार टोकाची’ या अर्थाचा ‘रेटुसा’ हा शब्द त्यात घातला. आज तिचे शास्त्रीय नाव ‘ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा’ असे आहे.

युरोपातील लोकांना उष्ण प्रदेशातील आमरींची ओळख झाली, तेव्हा त्यांच्या सौंदर्याने ते वेडावून गेले. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील धनिकांनी आमरींसाठी काचेची घरे बांधली. उष्ण कटिबंधातील जंगल म्हणजे सदैव तापलेले, वाफाळलेले, कोंदट रान, अशी त्यांची समजूत होती. म्हणून त्यांचे माळी काचघराच्या खिडक्या घट्ट बंद ठेवीत, आत भट्टी पेटवीत आणि सगळीकडे वाफ कोंडून ठेवीत. कित्येकांनी आमरींची मुळे मातीत पुरली. आमरी डोंगरउतारावरच्या वाऱ्यात, उंच फांद्यांवर राहतात. कित्येक जाती तर थंड हवेच्या पर्वतांवर वाढतात, हे त्यांच्या ध्यानातच आले नाही. हजारो मैलांचा समुद्रप्रवास सोसून जिवंत पोहोचलेली रोपे त्या उबदार काचघरांत कुजून मेली. पुढे १८३० नंतरच्या काळात जोसेफ पॅक्स्टन याच्यासारख्या विचारी माळ्यांनी ही रीत बदलली. पॅक्स्टन हा चॅट्सवर्थ येथे एका सरदाराच्या बागेचा मुख्य माळी होता. आमरींच्या घरात मोकळी हवा खेळली पाहिजे, आणि जी जात जशा हवेतून आली असेल तशी हवा तिला मिळाली पाहिजे, हे त्याने ओळखले. त्याच्या आमरी जगल्या आणि फुलल्या.

रोपे जगवण्याची विद्या साधू लागली. पण हाव मात्र सुटली नाही. १८५० साली जोसेफ हूकर हा वनस्पतिशास्त्रज्ञ आपल्या देशातील खासी टेकड्यांत फिरत होता. तेथे ओकच्या झाडांवर निळ्या व्हांडा नावाची आमरी फुललेली त्याला दिसली. तिची फुले फिकट निळ्या रंगाची आणि मोठी असतात. त्याने लंडनजवळील क्यू येथील उद्यानासाठी सात माणसांना उचलावी लागतील एवढी रोपे गोळा केली. परंतु वाटेतील अडचणींमुळे त्यांतील फारच थोडी जिवंत इंग्लंडला पोहोचली. ही हकीकत त्याने स्वतःच आपल्या प्रवासवर्णनात प्रांजळपणे लिहून ठेवली आहे. दुसऱ्या एका गृहस्थाच्या माळ्याने तेथूनच एका माणसाच्या ओझ्याएवढी रोपे पाठवली. ती अत्यंत वाईट स्थितीत पोहोचली, तरीही ३०० पौंडांना विकली गेली. अशी किंमत येऊ लागल्यावर जंगले का सुरक्षित राहावीत? ठिकठिकाणी आमरी गोळा करणाऱ्यांनी झाडांवरून रोपे ओरबाडली. कित्येकदा तर वरची आमरी हाती यावी म्हणून खालचा वृक्षच तोडला.

तोडलेले गवत पुढच्या पावसात पुन्हा उगवते. मग जंगलातील आमरी पुन्हा का उगवू नये? तिच्या एका फळात हजारो, काही जातींच्या फळांत तर लक्षावधी बिया असतात. पण याच बियांत तिची दुर्बलता लपलेली आहे. आमरीचे बी धुळीच्या कणासारखे असते. आंब्याच्या कोयीत किंवा हरभऱ्याच्या दाण्यात कोवळ्या अंकुरासाठी अन्न साठवलेले असते. आमरीच्या बियांत अशी शिदोरी जवळजवळ नसतेच. ते वाऱ्याबरोबर दूर जाऊ शकते. पण पोहोचल्यावर खायचे काय, हा प्रश्न उरतो.

हे कोडे नोएल बर्नार्ड या तरुण फ्रेंच शास्त्रज्ञाने उलगडले. १८९९ च्या मे महिन्यात फाँतेनब्लोच्या जंगलात त्याला एका आमरीचा फळांसह मातीत गाडला गेलेला देठ सापडला. त्या फळांत बिया रुजलेल्या होत्या. त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तो प्रत्येक अंकुरात एका कवकाचे, म्हणजे बुरशीसारख्या सूक्ष्म जीवाचे, धागे शिरलेले होते. हे कवकच अंकुराला अन्न पुरवीत होते. म्हणजे आमरीचे बी केवळ योग्य जागी पडून भागत नाही. तेथे त्याला योग्य सोबतीही भेटावा लागतो. लक्षावधी बियांतून एखाद-दुसरीलाच तो भेटतो. बर्नार्डला आयुष्य थोडे लाभले. १९११ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, तो वारला. परंतु त्याच्या शोधाने पुढची वाट उघडली. १९२२ साली अमेरिकेतील लुईस नडसन या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, काचेच्या निर्जंतुक कुपीत साखर आणि क्षार घातलेल्या थलथलीत खाद्यावर आमरीचे बी कवकावाचूनही रुजते. आज बाजारात दिसणारी आमरीची लक्षावधी रोपे अशाच कुप्यांत जन्म घेतात. जंगलातील रोपाला मात्र ही सोय नाही. सोबती भेटून बी रुजले, तरी पहिले फूल येण्यास अनेक वर्षे लागतात.

म्हणूनच जंगलातील आमरी तोडून आणू नये. राखीव जंगलातून परवानगीवाचून वनस्पती काढून नेणे हा गुन्हा आहे, आणि १९७३ साली झालेल्या एका आंतरराष्ट्रीय करारान्वये सर्व आमरींच्या परदेशी व्यापारावर निर्बंध आहेत. परंतु अंगणातील झाडाची मोडून पडलेली फांदी, किंवा वादळात उन्मळलेला परसातील आंबा, यांवरील सीतेची वेणी वाचवणे हे चांगले काम आहे. रोपवाटिकेत वाढवलेले रोपही आणता येते. त्यासाठी फार खर्च लागत नाही. आतापर्यंत सांगितलेली तिच्या जीवनाची रीत तेवढी ध्यानात ठेवावी लागते.

पडलेल्या फांदीवरून रोप ओढून काढू नये. मुळे सालीला इतकी घट्ट चिकटलेली असतात की ओढल्याबरोबर ती तुटतात. फांदीचा तेवढा तुकडाच करवतीने कापून घ्यावा. मोडलेली, काळी पडलेली मुळे स्वच्छ कात्रीने कापून टाकावीत आणि जखमा सुकण्यासाठी रोप एक-दोन दिवस सावलीत टांगून ठेवावे. मग त्याच्यासाठी नवे घर निवडावे. आंबा, फणस, जांभूळ यांसारखे खरखरीत, टिकाऊ सालीचे झाड उत्तम. पेरू किंवा निलगिरी यांची साल सुटून पडत असते. तेथे रोप बांधले तर सालीबरोबर तेही खाली येईल. पूर्वेकडील बाजू निवडावी, म्हणजे सकाळचे कोवळे ऊन मिळते आणि दुपारच्या प्रखर उन्हात पानांची सावली राहते.

रोप काथ्याच्या दोरीने किंवा जुन्या सुती कापडाच्या पट्टीने खोडाला घट्ट बांधावे. ते हलता कामा नये; कारण हलणाऱ्या रोपाची नवी मुळांची टोके सालीवर घासून मोडतात. तार वापरू नये. रोपाचा शेंडा थोडा बाहेरच्या बाजूस कललेला ठेवावा, म्हणजे पावसाचे पाणी पानांच्या बेचक्यात साठून गाभा कुजणार नाही. मुळांवर माती, शेण, ओला पाला यांपैकी काहीही थापू नये. हे काम पावसाळ्याच्या आरंभी केलेले सर्वांत चांगले. त्या वेळी मुळांना नवी हिरवी टोके फुटतात आणि ती आपली वाट शोधीत सालीला बिलगतात. मुळांनी पकड घेतली की दोरीचे काम संपते.

जवळ झाड नसेल तर लाकडी पट्ट्यांची टोपली करून तीत लोणारी कोळशाचे आणि विटांचे मोठे तुकडे भरावेत, त्यांवर रोप ठेवून टोपली वाऱ्यावर टांगावी. मुळे टोपलीबाहेर येऊन लोंबू लागली तर ती आत कोंबू नयेत. लोंबणारी मुळे हे दुखण्याचे लक्षण नसून हवेत राहणे हाच त्यांचा धर्म आहे.

पाणी केव्हा द्यावे, हे मुळांनाच विचारावे. पावसाळ्यात वरचा पाऊस पुरेसा होतो. थंडीत रोपाची वाढ मंदावते. तेव्हा पाणी कमी करावे. उन्हाळ्यात रोज सकाळी मुळांवर पाणी शिंपडावे, ती हिरवी झाली की थांबावे, आणि ती पुन्हा पांढरी झाल्यावाचून पाणी देऊ नये. खत द्यायचे तर वाढीच्या दिवसांत, फार पातळ करून, महिन्यातून एक-दोनदा द्यावे. पानेही आपली प्रकृती सांगतात. ती गर्द हिरवी आणि लुळी पडली तर उजेड कमी पडतो आहे. पिवळट होऊन त्यांवर करपल्याचे डाग पडले तर ऊन अधिक होते आहे. पावसाळ्यात गोगलगायी रात्री येऊन मुळांची कोवळी टोके खातात. त्या वेचून दूर नेऊन सोडाव्यात. पानांवर खवल्यांसारखे किडे चिकटले तर साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पाने हळुवार पुसावीत. एवढे केले की उरलेले काम रोपाचे.

हे उरलेले काम मात्र संथ असते. पहिल्या वर्षी कदाचित फुले येणारही नाहीत. एखादे नवे पान येईल, एखादे मूळ दोन बोटे पुढे सरकेल. उतावीळ माणसाला वाटेल की, याला काहीतरी अधिक दिले पाहिजे. तेव्हाच हात आवरावा लागतो. पुष्कळ देण्याने आमरी वाढत नाही. जे हवे ते, हवे तेव्हा आणि हवे तेवढेच मिळाले म्हणजे ती वाढते. काचघरातील माळ्यांनी तिला ऊब दिली, कुंडीत लावणाऱ्या मुलाने तिला माती आणि खत दिले. त्यांच्या मायेत काही उणे नव्हते. उणे होते ते ज्ञान. ज्याची काळजी घ्यायची, त्याचे जीवन आधी समजून घ्यावे लागते.

आणि मग एखाद्या वर्षी, मृगाची चाहूल लागण्यापूर्वी, पानाच्या बगलेतून एक हिरवी काडी डोकावते. ती वर न जाता खाली झुकते. तिच्यावर कळ्यांच्या रांगा दिसू लागतात. एके सकाळी वादळातून वाचवलेली ती सीतेची वेणी अंगणातील फणसावर फुललेली असते. फणस आपला फणसच राहतो. त्याचे काहीच कमी झालेले नसते. मात्र त्या दिवशी रस्त्याने जाणारा प्रत्येक माणूस त्याच्याकडे मान वर करून पाहतो.

शब्दार्थ

घोस : झुपका, गुच्छ
अपिवनस्पती : दुसऱ्या झाडावर राहणारी, पण त्याचे अन्न न घेणारी वनस्पती
बांडगूळ : दुसऱ्या झाडात मुळे घुसवून त्यातील पाणी व क्षार घेणारी वनस्पती
कवक : बुरशीच्या वर्गातील जीव
शिदोरी : प्रवासासाठी बरोबर घेतलेले अन्न
प्रांजळपणे : मनात काही न लपवता, सरळपणे
उतावीळ : धीर नसलेला

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे एक-दोन वाक्यांत लिहा.
(अ) आसामात सीतेच्या वेणीला काय म्हणतात? ती कोणत्या सणात केसांत माळतात?
(आ) सीतेच्या वेणीचे मूळ कोरडे आहे की ओले, हे कसे ओळखावे?
(इ) पेरूच्या झाडावर आमरी का बांधू नये?
(ई) १८९९ साली नोएल बर्नार्डला काय आढळले?

२. पुढील प्रश्नांची उत्तरे सविस्तर लिहा.
(अ) ‘बांडगूळ आणि अपिवनस्पती यांत चोर आणि पाहुणा यांच्याइतके अंतर आहे.’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
(आ) इंग्लंडमधील काचघरांत आमरी का मेल्या? पॅक्स्टनने कोणता बदल केला?
(इ) आमरीच्या एका फळात असंख्य बिया असूनही ओरबाडलेल्या जंगलात आमरी लवकर का वाढत नाहीत?

३. कारणे द्या.
(अ) आमरी बांधताना ती हलणार नाही याची काळजी घ्यावी लागते.
(आ) रोपाचा शेंडा थोडा बाहेर कललेला ठेवतात.

४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
तळ गाठणे, डोळे लावून बसणे, हात आवरणे, चाहूल लागणे.

५. ‘एकाने तिला शत्रू समजून मारले, दुसऱ्याने प्रेमाने मारले.’ अजाणतेपणी केलेल्या मायेने एखाद्या प्राण्याला किंवा झाडाला अपाय झाल्याचा प्रसंग तुम्ही पाहिला असेल, तर तो दहा ओळींत लिहा.

६. आपल्या गावातील किंवा शाळेजवळील जुन्या झाडांचे निरीक्षण करा. कोणत्या झाडावर बांडगूळ आहे आणि कोणत्या झाडावर अपिवनस्पती, याची नोंद करा. कोणतीही वनस्पती तोडू नका.